घरच्या घरी साचे आणि प्लास्टिकचे ओतीव भाग : 36 पाने, दोन साचे आणि बरेचसे बुडबुडे

पानगळ (मूळ धागा)

एका भित्तिशिल्पासाठी मला एकाच आकाराची 36 पाने हवी आहेत. प्रत्येक पान सुमारे 12 सेंटिमीटर लांब आणि 8 सेंटिमीटर रुंद आहे, देठाकडे जाड आहे आणि त्याचे टोक आकड्यासारखे मागे वळलेले आहे. सगळी पाने हाताने कोरत बसण्यापेक्षा एकच पान मन लावून कोरावे, त्याचा सिलिकॉनचा साचा घ्यावा आणि त्यात पॉलियुरेथेन रेझिन (दोन द्रव एकत्र कालवले की जमून प्लास्टिक होते ते) ओतून बाकीची पाने काढावीत, असा बेत केला. दीड महिना झाला. चांगली पाने हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आणि कचरा टोपलीभर, अशी स्थिती आहे.

पहिले पान मी मॉडेलिंगच्या तेलकट मातीत घडवले आणि त्यावर प्लॅटिनमच्या साहाय्याने घट्ट होणारे सिलिकॉन ओतले. दोन दिवसांनी बाहेरून साचा छान रबरासारखा झाला होता, परंतु उघडल्यावर पानाला टेकलेली सगळी बाजू डिंकासारखी चिकट निघाली आणि शिरांची नक्षी त्या चिकट थरातच विरघळल्यासारखी झाली. दुसऱ्या खेपेस तेच पान लाकडात कोरले, त्यावर लाखेच्या पॉलिशचे दोन हात दिले आणि कथिलावर घट्ट होणाऱ्या सिलिकॉनचा दोन भागांचा साचा केला. हा साचा उत्तम निघाला. पण त्यातून निघणाऱ्या पानांची तक्रार वेगळीच आहे. जवळजवळ प्रत्येक पानाचे वळलेले टोक अपुरे येते, शिरांवर टाचणीने टोचल्यासारखी छिद्रे दिसतात आणि गेल्या आठवड्यात तर ओतलेले रेझिन साच्याच्या तोंडातून फुगून वर आले. ते पान मोडून पाहिले तेव्हा आत स्पंजासारखी जाळी होती.

रेझिनच खराब निघाले असे म्हणून मी मोकळा झालो असतो, पण त्याच डब्यांतून पहिली चार पाने घट्ट आणि स्वच्छ निघाली होती. तेव्हा चूक नेमकी कोठे आहे, हे जाणकारांनी सांगावे.

साचेबंद

आपल्या पहिल्या साच्यात सिलिकॉनचा दोष नव्हता, मातीचा होता. मॉडेलिंगच्या तेलकट मातीच्या अनेक प्रकारांत गंधक असते. प्लॅटिनमवर घट्ट होणाऱ्या सिलिकॉनमध्ये प्लॅटिनम अगदी नाममात्र, म्हणजे दशलक्ष भागांत काही भाग एवढेच असते. त्याला गंधकाचा, कथिलाच्या संयुगांचा किंवा अमाइन या नायट्रोजनयुक्त संयुगांचा स्पर्श झाला की ते निकामी होते आणि जेथे स्पर्श झाला तेथे सिलिकॉन कच्चे राहते. म्हणूनच आपला साचा बाहेरून घट्ट आणि आतून चिकट निघाला. असे कच्चे राहिलेले सिलिकॉन नंतर वाट पाहिल्याने पिकत नाही. मी स्वतः एकदा असा साचा तीन आठवडे फडताळात ठेवून रोज बोट लावून पाहत होतो. बोट रोज चिकटत होते.

गंधक फक्त मातीतूनच येते असे नाही. लॅटेक्सचे हातमोजे आणि रबर बँड यांतही गंधक असते, आणि अशा मोज्यांनी मूळ नमुना हाताळला तरी ठसे उमटलेल्या जागी सिलिकॉन चिकट राहू शकते. त्रिमितीय मुद्रणातील रेझिनचे नमुने तर या बाबतीत कुप्रसिद्ध आहेत, कारण त्यांच्या पृष्ठभागावर न जमलेले रेझिन शिल्लक राहते. असा नमुना नीट धुऊन, अतिनील प्रकाशाखाली पुरेसा ठेवून, वर 60 अंश सेल्सिअसच्या आसपास काही तास तापवला तर बहुधा चालतो. तरीही मी ‘बहुधा’ असेच म्हणेन. कथिलाच्या सिलिकॉनच्या साच्यात प्लॅटिनम सिलिकॉन ओतण्याचा मोहही टाळावा, कारण तेथेही हाच प्रकार होतो. पुष्कळ लोक नमुन्यावर वार्निशचा थर देऊन गंधक अडवू पाहतात. तो उपाय कधी लागू पडतो, कधी पडत नाही. नमुन्याच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यावर नखाएवढे सिलिकॉन लावून ते पूर्ण जमते का ते पाहणे हाच भरवशाचा मार्ग आहे.

कथिलाचे सिलिकॉन असे नखरे करत नाही. मात्र ते जमताना अल्कोहोल बाहेर टाकते, त्यामुळे साचा हळूहळू किंचित आकसतो आणि काही वर्षांत ठिसूळ होऊन फाटू लागतो. पाने एकमेकांत तंतोतंत बसवायची असती तर मी गंधकविरहित माती वापरून प्लॅटिनमचाच आग्रह धरला असता. भिंतीवर एकावर एक रचायची पाने असतील तर आपला आताचा साचा पुरेसा आहे, तो टाकू नये.

पानगळ

हातमोजेही लॅटेक्सचेच होते, म्हणजे मी दोन्ही बाजूंनी गंधक पोहोचवत होतो. मातीच्या वेष्टनावर गंधकाचा उल्लेखच नव्हता, म्हणून शंका आली नाही.

तोळामासा

दुसऱ्या साच्याकडे वळण्यापूर्वी एक प्रश्न विचारतो : आपण मोजता कसे? आकारमानाने की वजनाने, आणि वजनकाटा किती बारीक दाखवतो? चिकट डाग, मऊ राहिलेले कोपरे आणि अर्धवट जमलेले साचे यांपैकी बरेचसे प्रकार काट्यावरच जन्म घेतात.

काही रेझिनांचे दोन भाग आकारमानाने समसमान घ्यायचे असतात, पण वजनाने 100 ला 90 असे घ्यायचे असतात, कारण दोन्ही द्रवांची घनता सारखी नसते. डब्यावर दोन्ही प्रमाणे छापलेली असतात आणि घाईत माणूस आकारमानाचे प्रमाण वाचून वजनाने मोजतो. आपल्या एका पानाचे आकारमान सुमारे 50 घन सेंटिमीटर धरले तर एका वेळी 55 ग्रॅम मिश्रण लागेल, म्हणजे एका भागाचे सुमारे 29 ग्रॅम आणि दुसऱ्याचे सुमारे 26. एक ग्रॅमच्या टप्प्याने आकडा दाखवणारा काटा येथे अर्ध्या ग्रॅमची चूक सहज करतो. ती दोन टक्क्यांच्या आसपास जाते आणि बहुतेक रेझिने ती सोसून घेतात. परंतु कथिलाच्या सिलिकॉनला हार्डनर, म्हणजे ते घट्ट करणारा दुसरा भाग, दोनच टक्के लागत असेल आणि आपण 50 ग्रॅमचा छोटा साचा करत असाल, तर हार्डनर एक ग्रॅम लागतो. तेथे अर्ध्या ग्रॅमची चूक म्हणजे हार्डनर निम्मा किंवा दीडपट. छोट्या साच्यांसाठी 0.1 ग्रॅम दाखवणारा काटा ही चैन नव्हे.

साच्याला सिलिकॉन किती लागेल तेही आधी काढावे, म्हणजे अर्ध्या पेटीत माल संपत नाही. पेटी आतून 15 गुणिले 11 गुणिले 5 सेंटिमीटर असेल तर तिचे आकारमान 825 घन सेंटिमीटर. त्यातून पानाचे 50 वजा केले की उरतात 775. सिलिकॉनची घनता 1.1 धरली तर सुमारे 850 ग्रॅम लागेल, आणि भांड्याच्या कडांना चिकटून जाणारे धरून 900 ग्रॅम कालवावे. पानाचे आकारमान ठाऊक नसेल तर लाकूड नीट लाखबंद असताना ते पाण्यात पूर्ण दाबून धरावे आणि पाणी किती वर चढले ते मोजावे. फक्त नंतर ते लाकूड पूर्ण वाळू द्यावे.

कालवण्याबद्दल एकच सांगतो. एका पेल्यात कालवलेले मिश्रण दुसऱ्या स्वच्छ पेल्यात ओतून पुन्हा कालवावे. पहिल्या पेल्याच्या तळाशी आणि कडेला न मिसळलेला माल हमखास राहतो, आणि पेला साच्यावर पालथा धरून शेवटचा थेंब खरवडून काढणारा माणूस नेमका तोच माल साच्यात घालतो.

ओतारी

पानगळ, आपले फुगलेले पान आणि अपुरे टोक या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. त्यांचा एकच इलाज शोधू नये.

आधी फुगलेले पान. पॉलियुरेथेनच्या दोन भागांपैकी एकात आयसोसायनेट असते. त्याची गाठ दुसऱ्या भागातील पॉलिओलशी पडली तर प्लास्टिक तयार होते, पण पाण्याशी पडली तर कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो. गाद्यांतील फोम अशाच वायूने फुगवतात. आपल्याला तो नको असताना आपण नकळत तेच करत असतो. यासाठी पाणी किती लागते? पाण्याचा एक थेंब 0.05 ग्रॅमचा धरा. तो पूर्णपणे आयसोसायनेटशी मिसळला तर त्यातून 65 ते 70 मिलिलिटर वायू सुटतो, म्हणजे आपल्या अख्ख्या पानाच्या आकारमानापेक्षा जास्त. एका थेंबात पान फुगते ते असे.

हा थेंब कोठून येतो ते पाहावे. हवा दमट असताना डबे उघडे राहिले तर द्रव ओलावा शोषून घेतो. पहिली चार पाने चांगली आली आणि नंतर बिघडली, यावरून मला याचाच संशय येतो. कालवायची लाकडी काडी, कागदी पेला, पाण्यात मिसळणारा रंग आणि धुऊन नुसता पुसलेला साचा, या सगळ्यांत पाणी असते. मी लाकडी काडी सोडून प्लास्टिकची किंवा धातूची पट्टी वापरू लागलो, आणि साचा ओतण्यापूर्वी तासभर 50 अंशांच्या आसपास तापवून घेऊ लागलो, तेव्हापासून फेस जवळजवळ दिसलेला नाही. डब्याचे तोंड पुसून झाकण ताबडतोब लावावे. मोठ्या डब्यातून रोज ओतण्यापेक्षा रेझिन आले त्याच दिवशी छोट्या बाटल्यांत काठोकाठ भरून ठेवावे, म्हणजे वर हवेला जागा उरत नाही. आयसोसायनेटच्या भागात पांढरे कण किंवा साय दिसली तर तो भाग ओलावला आहे असे समजावे आणि कलाकृतीसाठी वापरू नये.

आता टोक. आपण साचा उभा करून देठाच्या बाजूने ओतत असाल, असा माझा अंदाज आहे. पान उभे धरल्यावर टोक खाली जाते, पण ते मागे वळलेले असल्याने त्याचे शेवटचे दीड सेंटिमीटर पुन्हा वरच्या दिशेने जाते. रेझिन खालून चढू लागले की त्या वळलेल्या भागातील हवेला बाहेर पडायला वाटच राहत नाही आणि ती तेथेच कोंडली जाते. साचा कितीही हलवला, कितीही टिचक्या मारल्या तरी कोंडलेली हवा खाली उतरून दुसरीकडून वर येणार नाही. पाते घेऊन, दोन अर्ध्या साच्यांच्या जोडरेषेवर टोकाच्या अगदी शेवटच्या बिंदूपासून साच्याच्या वरच्या कडेपर्यंत दोन मिलिमीटर रुंदीचा हवामार्ग कापावा. ओतताना त्या मार्गातून रेझिनचा थेंब वर आलेला दिसेल, तेव्हा टोक भरले असे समजावे. त्या मार्गात जमलेली काडी नंतर कापून टाकता येते.

शिरांवरची छिद्रे ही तिसरी गोष्ट. साच्याच्या आतल्या बाजूवर मऊ ब्रशने टाल्कम पावडर पसरून उरलेली पूर्ण झटकून टाकावी. पावडरीचा तो पुसट थर रेझिनला बारीक खाचांत ओढून नेतो आणि तेथे चिकटून बसणारे बुडबुडे कमी होतात. रेझिन ओतताना धार बारीक, दोरीसारखी आणि थोड्या उंचीवरून सोडावी. त्या ताणात बरेच बुडबुडे फुटतात. ज्या रेझिनला कालवल्यापासून अडीच-तीन मिनिटेच मिळतात त्याचे पाऊण मिनिट कालवण्यात जाते, म्हणून धार सोडण्यापूर्वी साचा बांधून, हवामार्ग तपासून, सरळ रेषेत उभा करून ठेवलेला असावा.

नवशिका

दाब देऊन बुडबुडे नाहीसे करतात असे वाचले आहे. त्यासाठी स्वयंपाकाचा प्रेशर कुकर चालेल का?

दाबमापक

चालणार नाही, आणि हे मी भिडस्तपणा न करता सांगतो. रेझिनकामासाठी साधारणतः 40 ते 60 पीएसआय (दर चौरस इंचावर इतके पौंड) दाब देतात. कुकर 15 पीएसआयच्या आसपास चालण्यासाठी केलेला असतो आणि त्यावरची झडप वाफ सोडण्यासाठी असते. त्यात कॉम्प्रेसरची हवा भरणे म्हणजे स्वयंपाकघरात बाँब ठेवण्यासारखे आहे. ज्या पात्रावर कमाल दाब छापलेला आहे, ज्याला सुरक्षा झडप आणि दाबमापक आहे, असेच पात्र घ्यावे आणि छापलेल्या आकड्याच्या बरेच खाली राहावे.

दाबाने बुडबुडा नाहीसा होत नाही, तो लहान होतो. 60 पीएसआय दाब भरला की आतला एकूण दाब वातावरणाच्या सुमारे पाचपट होतो आणि बुडबुड्याचे आकारमान एकपंचमांश उरते. व्यास मात्र निम्म्याहून थोडा अधिकच राहतो : एक मिलिमीटरचा बुडबुडा 0.6 मिलिमीटरच्या आसपास येतो. वायूचा काही भाग रेझिनमध्ये विरघळतो, म्हणून प्रत्यक्षात परिणाम याहून चांगला दिसतो. रेझिन जमेपर्यंत दाब कायम ठेवावा लागतो. आधी सोडला तर बुडबुडे परत फुगतात.

येथे एक खाच आहे आणि ती पुष्कळांना उशिरा कळते. साचा साध्या हवेत ओतलेला असेल आणि त्याच्या सिलिकॉनमध्ये पृष्ठभागाजवळ बुडबुडे राहिले असतील, तर दाबाखाली ते दबतात, त्यांवरचे सिलिकॉन आत खचते आणि रेझिन त्या खळग्यात शिरते. पानावर मोहरीएवढ्या चामखिळी उगवतात. तुम्हाला दाबाखाली ओतायचे असेल तर साचाही दाबाखाली जमवावा, किंवा सिलिकॉन आधी निर्वात पात्रात ठेवून हवाविरहित करावे. निर्वात पात्रात सिलिकॉन मूळ उंचीच्या तीन-चारपट वर चढते आणि मग कोसळते, म्हणून भांडे चौपट मोठे घ्यावे. पहिल्यांदा मी ते घेतले नाही आणि पंपाच्या नळीतून सिलिकॉन खरवडत बसलो.

जुनाहात

एवढा खटाटोप कशाला, असे मला वाटते. आम्ही पूर्वी पॉलिएस्टर रेझिन वापरत असू. ते दमट हवेची फारशी पर्वा करत नाही, हार्डनर एक-दोन टक्के घातला की झाले, आणि त्यात दगडाची किंवा धातूची भुकटी मिसळली तर काम जड आणि देखणे होते. पॉलियुरेथेनचे हे तीन मिनिटांचे घोडे कशाला दौडवायचे?

ओतारी

जुनाहात यांचे म्हणणे मी पूर्ण खोडून काढणार नाही. भुकटी भरलेल्या पॉलिएस्टरची झळाळी मलाही आवडते. पण घरात, राहत्या खोलीत, ते वापरायला मी कुणाला सांगणार नाही. त्यातील स्टायरीन या उडून जाणाऱ्या द्रवाचा वास दुसऱ्या दिवशीही पडद्यांत राहतो, आणि वास हा येथे सर्वांत लहान त्रास आहे. त्याचा हार्डनर पेरॉक्साइड असतो. तो डोळ्यात गेला तर डोळा कायमचा जाऊ शकतो, आणि कोबाल्टच्या प्रवेगकात तो थेट मिसळला तर स्फोट होऊ शकतो. शिवाय पॉलिएस्टर जमताना आकारमानाने पाच ते आठ टक्के आकसते, हवेकडची बाजू चिकट राहू शकते, आणि सिलिकॉनचा साचा त्याने लवकर खराब होतो.

सावकाश काम करणाऱ्याला तिसरा पर्याय इपॉक्सीचा आहे. त्याला दमट हवेने फेस येत नाही, ओतायला अर्धा तास मिळतो आणि बुडबुड्यांना वर यायला वेळ मिळतो. परंतु एक पान साच्यातून काढायला 24 तास लागले तर 36 पानांना एका साच्यात महिना उलटून जाईल. जाड ओतकामात इपॉक्सी स्वतःच्या उष्णतेने इतके तापते की पेल्यातच धूर निघतो, आणि उन्हात ते पिवळे पडते. आपली पाने रंगवायची आहेत, त्यामुळे पिवळेपणाची चिंता नाही, वेळेची आहे.

साचेबंद

धाग्यात काळजीचा विषय निघालाच आहे म्हणून लिहितो. पॉलियुरेथेनला जवळजवळ वास नसतो आणि तेथेच फसगत होते. आयसोसायनेटची एकदा ॲलर्जी जडली की नंतर अगदी थोड्या संपर्कानेही दम्यासारखा त्रास होतो. इपॉक्सीची ॲलर्जी त्वचेवर उठते. दोन्ही एकदा जडल्या की सहसा जात नाहीत. नायट्राइलचे हातमोजे, खेळती हवा आणि सेंद्रिय वाफांसाठीची डबी असलेला मुखवटा एवढे तरी असावे. धूळ अडवणारा साधा कापडी मुखवटा वाफ अडवत नाही. उलट, जमलेले पान घासताना उडणाऱ्या धुळीसाठी धुळीचाच मुखवटा लागतो.

आणखी एक, कारण हातांचे ठसे घेण्याचे धागे येथे अधूनमधून येतात. प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये हात किंवा पाय बुडवू नये. ते जमताना तापते आणि घट्ट झाल्यावर हात बाहेर निघत नाही. 2007 मध्ये इंग्लंडमधील एका शाळेत कलेच्या तासाला एका मुलीने प्लास्टरमध्ये हात घातले आणि भाजल्यामुळे तिची बहुतेक बोटे काढावी लागली. शरीराचा ठसा अल्जिनेटमध्ये, म्हणजे दातांचे डॉक्टर ठशासाठी पाण्यात कालवतात त्या भुकटीत, घ्यावा. ते थंड राहते, काही मिनिटांत जमते आणि रबरासारखे सोलून निघते. त्या ठशात प्लास्टर त्याच दिवशी ओतावे, कारण पाणी उडू लागले की अल्जिनेट आकसते.

तोळामासा

सहमत आहे. जाता जाता एवढेच लिहितो की अगदी लहान भागांसाठी, म्हणजे गुंडी किंवा मणी यांसाठी, रसायने कालवण्याऐवजी पॉलिकॅप्रोलॅक्टोन या कमी उष्णतेवर वितळणाऱ्या प्लास्टिकचे दाणे पाहावेत. ते 60 अंशांच्या आसपास वितळतात, गरम पाण्यात मऊ होतात आणि साच्यात बोटांनी दाबून भरता येतात. बिघडले तर पुन्हा गरम पाण्यात टाकावेत. बारीक नक्षी मात्र त्यांत तितकीशी उतरत नाही.

पानगळ

तीन आठवड्यांनी लिहितो आहे. सर्वांचे आभार मानण्याआधी काय केले ते सांगतो, म्हणजे पुढे कुणाला उपयोग होईल.

साचा तोच ठेवला. जोडरेषेवर टोकापासून वरपर्यंत हवामार्ग कापला, पण पहिल्यांदा तो टोकाच्या शेवटच्या बिंदूपासून दोन मिलिमीटर अलीकडे सुरू झाला होता. पानाचे टोक आले, मात्र अगदी शेवटी टाचणीच्या डोक्याएवढी पोकळी राहिली. पाते घेऊन तेवढे दोन मिलिमीटर आणखी कोरले आणि ती पोकळी नाहीशी झाली. एवढ्याशा फरकाने एवढे होते, हे डोळ्यांनी पाहिले नसते तर पटले नसते.

रेझिनचा उघडलेला डबा बाजूला ठेवला आणि नवा घेऊन त्याच दिवशी छोट्या बाटल्यांत भरला. जुन्या डब्याच्या तळाशी पांढरे कण होतेच. लाकडी काड्या बंद केल्या, साचा प्रत्येक सत्रापूर्वी तापवून घेतला. एक सत्र मुद्दाम जुन्या पद्धतीने केले, म्हणजे जुना डबा, लाकडी काडी आणि गार साचा, पान फुगले. नव्या पद्धतीने एकही फुगले नाही. नेमका दोष डब्याचा होता, काडीचा की साच्याचा, हे मला वेगळे करता आले नाही, कारण मी तिन्ही एकदम बदलले होते. तोळामासा यावर रागावतील.

टाल्कम पावडरीचा परिणाम सर्वांत झटकन दिसला. पहिल्या पानावर ती जास्त झाली आणि शिरा खरखरीत आल्या. ब्रशने झटकून वर फुंकर मारू लागल्यावर शिरांवरची छिद्रे जवळजवळ गेली. दाबपात्र मी घेतले नाही. पानाच्या मागच्या बाजूला एखाददुसरा बुडबुडा राहतो, पण ती बाजू भिंतीकडे जाणार आहे.

एकूण 43 पाने ओतली, त्यांतील 36 लावण्याजोगी निघाली. तिसाव्या पानानंतर साचा देठाच्या तोंडापाशी रेझिन धरू लागला, आणि चाळिसाव्याला तेथून सिलिकॉनचा नखाएवढा तुकडा निघून आला.

साचेबंद

ते साहजिक आहे. रेझिन जमताना तापते आणि सिलिकॉनमधले तेल प्रत्येक वेळी थोडे ओढून घेते, त्यामुळे जेथे रेझिनचा गोळा सर्वांत जाड असतो तेथे, म्हणजे देठाच्या तोंडाशी, साचा आधी कोरडा आणि ठिसूळ होतो. लागोपाठ ओतण्याऐवजी मध्ये साचा पूर्ण गार होऊ दिला आणि रिलीज एजंटचा (ओतीव भाग साच्याला चिकटू न देणाऱ्या द्रवाचा) हलका फवारा दिला तर त्याचे आयुष्य वाढते. आणि आपला लाकडी नमुना जपून ठेवला आहे ना? तो असेल तर दुसरा साचा एका दिवसाचे काम आहे. दुसरा अर्धा भाग ओतण्यापूर्वी पहिल्यावर रिलीज एजंट लावायला मात्र विसरू नये, कारण सिलिकॉनला दुसरे काही फारसे चिकटत नसले तरी सिलिकॉन सिलिकॉनला घट्ट चिकटते.

पानगळ

नमुना आहे, कापडात गुंडाळून ठेवला आहे. आता पाने रंगवायची आहेत. पहिल्या पानावर ॲक्रिलिक रंग दिला तर तो दवासारखा गोळा होऊन बाजूला सरकतो आहे.

ओतारी

साच्यातला रिलीज एजंट आणि सिलिकॉनचे तेल पानावर उतरले आहे. कोमट पाणी, भांडी घासण्याचे द्रव आणि जुना दातांचा ब्रश घेऊन प्रत्येक पान शिरांच्या खोबणींसह घासावे, पूर्ण वाळवावे, अगदी बारीक कागदाने चमक मारावी आणि प्लास्टिकसाठीचा प्रायमर पातळ फवारून मगच रंग द्यावा. पाण्याचा थेंब पानावर गोळा न होता पसरला की तेल गेले असे समजावे. देठाच्या जाड भागावर हा थेंब हमखास टाकून पाहावा, कारण तेल तेथेच जास्त साठते.

पानगळ

पाहिले. पानभर पसरतो, देठावर अजून गोळा होतो. ब्रश घेऊन परत बसतो.